वाचकांचे प्रश्न : घरातल्या सगळ्यांना खेळता येईल अशी प्रश्नमंजुषा

प्रश्न : आमच्या इंदिरानगरमधील सोसायटीच्या गणेशोत्सवात दरवर्षी कुटुंबांसाठी प्रश्नमंजुषा होते आणि ज्या घरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे कोणी आहे, तेच घर बक्षीस घेऊन जाते. आजी-आजोबा आणि लहान मुले नुसती बसून राहतात. परदेशातील दूरचित्रवाणीवर पूर्वी अख्खी कुटुंबे बक्षिसांसाठी खेळत असत, असे ऐकले आहे. त्या खेळांची रचना कशी असे? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपली अडचण दूरचित्रवाणीलाही आली होती आणि तिच्यावर तिथे निरनिराळे उपाय झाले. बीबीसीवर 1967 पासून 1984 पर्यंत चाललेल्या ‘आस्क द फॅमिली’ या कार्यक्रमात आई, वडील आणि दोन मुले असा चौघांचा संघ असे. काही प्रश्न फक्त वडील आणि थोरल्या मुलासाठी, तर काही आई आणि धाकट्यासाठी राखून ठेवलेले असत, त्यामुळे एकाच हुशार माणसाला सगळी उत्तरे देता येत नसत. तरीही प्रश्न विद्वत्तेचेच होते आणि शिकलेल्या घराचे पारडे त्यात जड राहणारच होते. 1971 मध्ये सुरू झालेल्या ‘जनरेशन गेम’ने वेगळी वाट धरली. मूळ डच कार्यक्रमावरून घेतलेल्या या खेळात एकाच कुटुंबातील दोन पिढ्यांची जोडी उतरत असे आणि एखाद्या कारागिराने दाखवलेले काम त्यांना लगेच करून दाखवावे लागे. शेवटी सरकत्या पट्ट्यावरून बक्षिसाच्या वस्तू समोरून जात, आणि जितक्या आठवतील तितक्या विजेत्याच्या होत.

मला मात्र खरी कल्पकता दिसते ती 12 जुलै 1976 रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘फॅमिली फ्यूड’मध्ये. रिचर्ड डॉसन त्याचे सूत्रसंचालक होते आणि पाच-पाच जणांची दोन कुटुंबे समोरासमोर उभी राहत. प्रश्न आधी शंभर लोकांना विचारलेला असे आणि स्पर्धकांनी त्या लोकांची सर्वाधिक आलेली उत्तरे ओळखायची असत. जितक्या लोकांनी ते उत्तर दिलेले, तितके गुण. तीन उत्तरे चुकली की संधी दुसऱ्या कुटुंबाकडे जाई आणि त्यांचे एक उत्तर बरोबर आले तर त्या फेरीतील सगळे गुण त्यांचे होत. अखेरच्या फेरीत जिंकलेल्या कुटुंबातील दोघे एकामागून एक उत्तरे देत आणि दोघांचे मिळून 200 गुण झाले तर आरंभीच्या काळात 5,000 डॉलर मिळत. इथे बरोबर उत्तर म्हणजे पुस्तकातले उत्तर नव्हे, तर चारचौघांच्या मनातले. आणि ते ओळखण्यात चाळीस वर्षे संसार केलेली बाई पदवीधर नातवाला सहज मागे टाकते. आपल्याला हवे ते नेमके हेच आहे.

तेव्हा आपण हाच नियम घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. गणपतीच्या पंधरा दिवस आधी शंभर जणांना साधे प्रश्न विचारावेत : मुंबईच्या नातेवाइकांकडे जाताना नाशिकहून काय न्याल? पाहुण्यांना पंचवटीत आधी कुठे न्याल? मिसळ खाताना जास्तीचे काय मागाल? द्राक्षे की चिवडा, रामकुंड की काळाराम मंदिर, यावर घराघरांत जो वाद होईल तोच या खेळाचा प्राण आहे. बक्षीस घरात सगळ्यांच्या उपयोगी पडेल असे असावे, रोख रक्कम नको. (‘होम मिनिस्टर’मुळे पैठणी हे बक्षीस घरोघरी पोहोचले आणि येवला तर आपल्याच जिल्ह्यात आहे, पण पैठणी एकटीची होते, स्पर्धा मात्र कुटुंबाची आहे.)

प्रश्न : अशा कार्यक्रमांत उत्तरे आधीच फोडली जात, हे खरे का? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : कौटुंबिक खेळांविषयी नव्हे, परंतु त्याआधीच्या मोठ्या रकमांच्या अमेरिकी प्रश्नमंजुषांविषयी हे खरे आहे. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात गाजलेले प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी नोव्हेंबर 1959 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे, आपल्याला उत्तरे आधी पुरवली जात होती, अशी कबुली दिली. पुढे 1960 मध्ये कायद्यात बदल होऊन अशा स्पर्धा ठरवून खेळवणे गुन्हा ठरले. सोसायटीच्या स्पर्धेतही पाहणी करणारे आणि गुण मोजणारे स्पर्धक कुटुंबांतले नसावेत आणि ज्या शंभर जणांना प्रश्न विचारायचे तेही शक्यतो दुसऱ्या सोसायट्यांमधले असावेत.