‘भ’चा ‘म’ का होतो?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. शब्द एकमेकांना चिकटतात, ‘भ’चा ‘म’ होतो. वाक्यही धड जमत नाही. — एक पालक, परभणी

उत्तर : ती बहुधा शिरोरेघ आधी ओढते. दुरेघी वहीत आधी पूर्ण शब्द लिहू द्या, मग डावीकडून रेघ. ‘भ’, ‘ध’, ‘थ’वर ती तोडायची, नाहीतर ‘ध’चा ‘घ’ झालाच. दोन शब्दांत तिच्या करंगळीएवढी जागा. पेन्सिल टोकापासून 2-3 सेंमी वर धरावी. रोज 5 ओळी बास. पानभर गिरवायला लावलं की शेवटच्या ओळी हमखास वाकड्या.

वाक्यासाठी विचारा : कोण? काय? काय करते? ‘आई भाकरी थापते.’ ‘आई भाकरी करायली’ लिहिलं तर फुली नको, ती घरचीच बोली. खाली ‘करत आहे’ लिहून द्या.