अक्षता पडल्या की चित्र का फुटतं?

प्रश्न : माझ्या आणि बहिणीच्या लग्नाच्या, बाबांच्या साठीच्या अशा सगळ्या मिळून १४ डीव्हीडी आहेत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही म्हणून यूएसबीचा ड्राइव्ह विकत घेतला आणि हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डिस्क ७०० एमबीत बसवली. सगळे नुसते बसलेले असतात तिथे छान दिसतं, पण मंगलाष्टकं संपून अक्षता पडायला लागल्या की सगळे चौकोन चौकोन. मग नेमके किती एमबी ठेवायचे?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, एमबी ठरवूच नका, सगळा घोळ तिथेच आहे. ७०० एमबी हा सीडीच्या जमान्यातला आकडा, एका सीडीवर एक पिक्चर बसवायचा म्हणून लोक तो धरायचे, आता कशाला? हिशोब बघा, डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं आणि तुमची डिस्क दोन तासांची धरली तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट (म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला-आवाजाला मिळणारी जागा) मिळतात, तुम्ही ७०० एमबीत कोंबलंत म्हणजे ०.८ सुद्धा मिळत नाहीत, आवाज धरून. नवा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत (एच.२६४), डीव्हीडीतल्या एमपेग-२ पेक्षा बराच हुशार आहे हे खरं, पण इतकाही नाही.

आता अक्षतांचंच का फुटतं? तर कॉम्प्रेशनवाला दरवेळी अख्खं चित्र साठवत नाही, मागच्या फ्रेममधलं काय सरकलं आणि काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. मुलाकडची माणसं खुर्च्यांवर बसलीयत, मागे पडदा, काहीच हलत नाही, फुकटात काम. पण ‘शुभमंगल सावधान’ झालं की चारी बाजूंनी शेकडो दाणे, प्रत्येक फ्रेमला प्रत्येक दाणा वेगळ्या जागी, वर व्हिडिओवाल्याचा लाइट थेट त्यांच्यावर, त्यात कुणीतरी फुलं पण टाकतं! मागच्या फ्रेमचा काही उपयोगच होत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं आणि तेवढे बिट शिल्लक नसतात. मग तो बारकावे टाकून देतो, उरतात चौकोन. रात्रीच्या वरातीत पण हेच होतं, अंधारात कॅमेऱ्याने जी वळवळ टिपलेली असते ती पण त्याला हालचालच वाटते.

म्हणून हँडब्रेकमध्ये अ‍ॅव्हरेज बिटरेट (सेकंदाला सरासरी किती बिट ते आधीच ठरवणं) सोडा आणि कॉन्स्टंट क्वालिटी घ्या. तिथे आरएफ नावाचा आकडा असतो, तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ मध्ये राहा, मी स्वतः लग्नाबिग्नाचं असेल तर १९ ठेवतो. मग साधी दृश्यं थोडक्यात भागतात, अक्षतांना हवं तेवढं मिळतं, फाइल किती मोठी होईल ते आधी कळत नाही एवढंच. एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग) प्रीसेट ‘स्लो’ ठेवा, रात्री लावून झोपा. ग्राफिक कार्डवरचा एन्कोडर झटपट उरकतो पण त्याच साइजमध्ये चित्र सहसा डावं येतं, १४ डिस्कसाठी एवढी घाई कशाला.

आणि अख्खी डिस्क करून मग बघत बसू नका. अक्षतांची एक-दोन मिनिटंच निवडा (हँडब्रेकमध्ये सेकंद टाकून तुकडा घेता येतो), १८, २० आणि २२ वर काढा आणि मोबाइलवर नाही, हॉलमधल्या टीव्हीवर बघा. तिन्हीत फरक दिसला नाही तर खुशाल २२ घ्या.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये पण पुढचा फोन त्याचाच येईल. आपल्याकडच्या डीव्हीडी ‘पाल’ (PAL) या टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या, ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या, आणि कॅमेऱ्यावर शूट केलेल्या बहुतेक इंटरलेस असतात म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेघा एकाआड एक. नवरी हार घालायला हात वर करते तेव्हा हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात ना, त्या ह्याच. डीइंटरलेस चालू करा, त्यात ‘बॉब’ हा पर्याय निवडला आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ५० ठेवला तर हालचाल मूळ टीव्हीसारखी सुळसुळीत राहते. आवाजाला हातच लावू नका, एसी-३ (डीव्हीडीवरच्या आवाजाचा एक प्रकार) असेल तर पासथ्रू, म्हणजे जसाच्या तसा. (मंगलाष्टकांवर सिनेमाची गाणी कुणी चढवली असतील तर मात्र आता इलाज नाही.)

पण हे सगळं बघायच्या कॉपीचं झालं. मूळ कॉपी बिलकुल दाबायची नाही. डिस्कवरचं व्हिडिओ_टीएस फोल्डर जसंच्या तसं हार्डडिस्कवर टाका, १४ डिस्क म्हणजे फार तर ६६ जीबी, १ टीबीच्या डिस्कच्या कोपऱ्यात पडून राहील. एक कॉपी बहिणीच्या घरी पण ठेवा. एकदा दाबून टाकलेलं परत मिळत नाही, आणि घरी राइट केलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षानुवर्षांत खराब होतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका, तेव्हा ह्याला आधी लागा, हँडब्रेक नंतर.

प्रश्न : आमच्या इथला दुकानदार म्हणतो जुनी डीव्हीडी फुल एचडी करून देतो. करून घेऊ का?
– एक वाचक, नगर

उत्तर : नको. फुल एचडीत डीव्हीडीच्या बरोब्बर पाचपट ठिपके असतात, त्यातले चार कुठून आणणार तो? अंदाजाने भरणार, आणि ते काम तुमचा टीव्ही चालू चित्रावर फुकटात करतोच. एआयवालं सॉफ्टवेअर वापरणार असेल तर मागच्या रांगेतल्या मावश्यांचे चेहरे भलतेच होऊ शकतात. फाइल मात्र फुगेल.

प्रश्न : ३ तासांचा कार्यक्रम एकाच डीव्हीडीवर आहे, मूळ डिस्कवरच चौकोन दिसतात. आरएफ १६ केलं तर सुधारेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो. ३ तास एका थराच्या डिस्कवर म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट, एमपेग-२ ला ते अपुरेच, जे जायचं ते राइट करतानाच गेलं. आरएफ १६ केलं तर तेच चौकोन काळजीपूर्वक जपले जातील. २१ पुरे, हवं तर डीब्लॉक (चौकोन पुसट करणारा) फिल्टर हलकासा लावा. त्यापेक्षा व्हिडिओवाल्याकडे मूळ टेप शिल्लक आहे का ते विचारा, मिनीडीव्ही कॅसेट सापडली तर चित्र कितीतरी स्वच्छ निघेल, फक्त ती चालवायला फायरवायर (कॉम्प्युटरला जोडायची जुनी सोय) असलेला जुना कॅमेरा शोधावा लागेल. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, २ जीबीपर्यंत जाते, व्हिडिओ म्हणून पाठवलीत तर ते अजून एकदा दाबतं.