पुरवणीत हा विषय लिहिण्यापूर्वी

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तरुण मुलींमधील खाण्याचे विकार आणि माध्यमे या विषयावर लेख लिहायला घेतल्याचे तू कळवलेस. नट्यांना आणि जाहिरातींना पहिल्याच परिच्छेदात दोषी ठरवण्याचा मोह होईल. त्याआधी फिजीतला अभ्यास नीट वाच. नाद्रोगा प्रांतात १९९५ साली टीव्ही आला, तोवर तिथे भरलेल्या अंगाचे कौतुक होई आणि कोणी वाळले तर घरच्यांना काळजी वाटे. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही आल्यावर लगेच आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळालेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. मात्र दोन्ही गट साठ-पासष्ट मुलींचे आणि वेगवेगळे होते, हेही लेखात येऊ दे.

मला स्वतःला या आकड्यांपेक्षा त्या मुलींचे बोलणे मोलाचे वाटते. पडद्यावरच्या स्त्रिया त्यांना नुसत्या सुंदर नव्हे, तर नोकरी करणाऱ्या, पुढे गेलेल्या दिसत होत्या, आणि बारीक होणे ही तिथवर पोहोचण्याची वाट वाटत होती. ही आकांक्षा लक्षात न घेता मुलींना उथळ ठरवणारे लेख आपल्याकडे फार झाले. बेकर यांच्याच २०११ सालच्या अभ्यासात मैत्रिणी काय पाहतात याचाही खाण्याच्या विकारांच्या लक्षणांशी संबंध दिसला. त्यामुळे ‘घरातला टीव्ही बंद करा’ हा सल्ला तोकडा पडतो. इन्स्टाग्राममुळे दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीची शरीराविषयीची नाराजी वाढते, असे त्या कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांत नमूद असल्याचे २०२१ साली उघड झाले, तेही जोड.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. रुग्ण मुलीचे वजन किती उतरले, ती दिवसाला किती खात असे, बारीक होण्यासाठी तिने कोणते उपाय केले, यांतले काहीही छापू नकोस, आणि आधीचे-नंतरचे फोटो तर मुळीच नको, कारण त्याच वाटेवर असलेली वाचक मुलगी ते तपशील धडा म्हणून वाचते. शेजारच्या पानावर ‘पंधरा दिवसांत पोट कमी करा’ अशी जाहिरात येणार असेल, तर संपादकांशी आधीच बोल. ते कुरकुरतील, तरी बोल. लेखाखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत द्यायला सांग.

तुझी शुभचिंतक