पहिल्या फेरीत पुढे, तरी पराभव

प्रश्न : अमेरिकेत विद्यमान सिनेटरला पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मागे टाकणारा उमेदवार शेवटी हरतो, असं कसं?

उत्तर : मिसिसिपी, २०१४. ३ जूनला रिपब्लिकन आव्हानवीर ख्रिस मॅकडॅनियल सिनेटर थॅड कॉकरन यांच्यापुढे होते, जेमतेम अर्ध्या टक्क्याने. पण तिथे निम्म्याहून अधिक मतं लागतात, आणि तिसऱ्या उमेदवाराने दीड टक्का नेला होता. म्हणून २४ जूनला पहिल्या दोघांत फेरमतदान. खरी मेख पुढे आहे : या राज्यात मतदाराची पक्षनिहाय नोंदणी नसते. डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत मत न दिलेला कोणताही मतदार रिपब्लिकन फेरमतदानात मत देऊ शकतो. कॉकरन यांच्या समर्थकांनी एरवी बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांना साद घातली, मतदान वाढलं, आणि कॉकरन साडेसात हजारांहून अधिक मतांनी जिंकले. माझ्या मते आव्हानवीराने पहिल्याच फेरीत पन्नास टक्क्यांचा टप्पा ओलांडायला हवा होता.