नकाशावरचे अंतर कोण ठरवतो?

प्रश्न : मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. घातक पदार्थांच्या तज्ज्ञाला कारखान्यात काम असते हे समजते. परंतु नगररचनेच्या कार्यालयात त्याचा नेमका काय उपयोग?

उत्तर : मुख्य काम घातक साठा आणि वस्ती यांच्यातले अंतर ठरवण्याचे. एखाद्या भूखंडावर शाळेचा प्रस्ताव आला, की जवळच्या साठ्यात कोणता पदार्थ किती आहे, टाकी फुटल्यास तो कुठवर पोचेल आणि वारा बहुधा कोणत्या दिशेने वाहतो, हे तपासून तुम्हाला लेखी अभिप्राय द्यावा लागतो. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरत सखल भागात साचतो. तेव्हा नकाशावर नुसते वर्तुळ काढून भागत नाही, उतार आणि नालेही पाहावे लागतात.

बैरूत बंदरात २०२० साली ज्याचा स्फोट झाला, ते सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट दाट वस्तीजवळच्या गोदामात अनेक वर्षे पडून होते. युरोपीय संघाने तर १९९६ च्या सेवेसो निर्देशातच (मोठे रासायनिक अपघात टाळण्यासाठीचा कायदा), म्हणजे कितीतरी आधी, असे अंतर जमीनवापराच्या धोरणात धरणे बंधनकारक केले होते.

जुन्या कारखान्यांच्या जागी घरे बांधताना माती व भूजल तपासणे हेही याच कामात येते. मला मात्र सर्वांत कठीण वाटते ते साठ्याभोवतीचा मोकळा पट्टा मोकळाच राखणे, कारण रिकामी जमीन सर्वांनाच हवी असते आणि नकार तुमच्या सहीने जातो. रसायनशास्त्र तुम्हाला येतेच. आता नकाशावाचन आणि वायुप्रसाराची गणिते शिकून घ्या.