पोर्तुगालमधल्या कोइंब्राला शिकायला चाललायस? मग हे ऐक

लांबच्या गाड्या कोइंब्रा-बी स्टेशनवर थांबतात, ते जरा बाजूला आहे. मोठी बॅग असेल तर सरळ टॅक्सी कर. 1290 साली स्थापन झालेलं विद्यापीठ टेकडीवर. एस्कादाश मोनुमेंताइशच्या सव्वाशे पायऱ्या रोज चढायच्या आहेत, तेव्हा खोली बघताना भाड्याइतकीच चढणही बघ. करार मात्र लेखी, पावतीसकट. गोडबोल्या घरमालकाला लांबूनच नमस्कार!

सुरुवातीला काळा झगा पांघरलेली सीनियर मंडळी नव्या पोरांना घोळक्याने फिरवताना, गाणी म्हणायला लावताना दिसतील. हीच 'प्राश'. सक्ती नाही. एकदा जाऊन बघ, ओळखी पटकन होतात. पण अपमान व्हायला लागला की खुशाल निघून ये.

रात्र रंगते गुरुवारी. शुक्रवारी पोरं मळके कपडे बॅगेत कोंबून आईकडे पळतात आणि नव्या माणसाला शनिवार-रविवार खायला उठतो. तेव्हा एखाद्या 'रेपूब्लिका'त ओळख काढ. विद्यार्थ्यांनीच चालवलेली ही जुनी घरं. स्वयंपाक, खर्च, निर्णय सगळं मिळून. जेवायला बोलावलं तर जा, नंतर भांडी घासायलाही ऊठ.

मे महिन्यातल्या 'केइमा दाश फीताश' या विद्यार्थ्यांच्या उत्सवाच्या आठवड्यात अभ्यास होईल अशी आशा धरू नकोस. इथल्या फादो गाण्यांना टाळ्या वाजवत नाहीत, परंपरेने घसा खाकरून दाद देतात. आपल्याला हसू येतं, ते दाबायचं.

जेवायला विद्यापीठाचं कॅन्टीन स्वस्त. शाकाहारी असशील तर 'काल्दु व्हेर्द' घेताना विचार. त्या हिरव्या सूपात सॉसेजची चकती तरंगत असते.