आमचा लॅब्राडोर फिरायला नेताना फार ओढतो. हेड कॉलर कशी निवडावी?

हेड कॉलर, म्हणजे कुत्र्याच्या नाकावरून आणि कानांमागून जाणारा डोक्याचा पट्टा, घेताना किमतीपेक्षा माप महत्त्वाचे आहे. मानेचा पट्टा कानांच्या लगेच मागे, जेमतेम एक बोट जाईल इतका घट्ट बसावा. नाकावरचा पट्टा मात्र डोळ्यांपासून दूर आणि इतका सैल असावा की कुत्र्याला तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येतील, कारण शरीरातील उष्णता तो मुख्यतः तशीच बाहेर टाकतो. ताकदवान कुत्रा पंजाने हा पट्टा काढू शकतो, म्हणून नेहमीच्या गळपट्ट्याला जोडणारी सुरक्षा-दोरी असलेला प्रकार मी निवडेन. हिसका कधीही देऊ नका आणि लांब दोरी लावू नका. धावत सुटलेल्या कुत्र्याची मान अचानक वळून दुखावू शकते. सुरुवातीचे काही दिवस घरातच, खाऊ देत, सवय लावा.